बुद्धीचा कायदा आधी करा: महाराष्ट्राच्या आमदारांना मिरजगावहून खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई



१९८८ साली आपल्या सभागृहाने देशात सर्वांत आधी एक कायदा केला. पोटातले बाळ मुलगा की मुलगी हे तपासून सांगण्याला त्या कायद्याने आळा घातला. केंद्राला तसा कायदा करायला १९९४ साल उजाडले आणि तो लागू झाला १९९६ मध्ये. महाराष्ट्र दिल्लीच्या कितीतरी पुढे होता. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. बीड जिल्ह्यात हा आकडा ८०७ वर आला. बीडची हद्द आमच्या मिरजगावापासून लांब नाही, आष्टी-कड्याशी आमच्या सोयरिकी आहेत. आणि आमचा नगर (आता अहिल्यानगर) जिल्हाही राज्याच्या सरासरीखालीच होता. म्हणजे ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्या आमच्याच घरांतल्या होत्या.

हे जुने दुखणे मुद्दाम उकरतो आहे, कारण तसेच एक ज्ञान पुन्हा आपल्या दाराशी येते आहे आणि या वेळी ते मुलगा-मुलगीपुरते नसेल. माणसाची बुद्धी नेमकी कशाने घडते, ती कुठे कमी पडते आणि का, हे उलगडण्याचे काम जगभर जोरात चालले आहे. ते पुरे झाले तर काय होईल, याचा विचार शास्त्रज्ञांनी करायचा तो करतीलच. कायदा मात्र आपण करता, म्हणून हे पत्र आपल्याला.

मी शास्त्रज्ञ नाही, प्राथमिक शिक्षक आहे. पण हे काम कुठवर आले आहे ते वाचून समजून घेतो. एका सूक्ष्म जंताच्या शरीरात मज्जापेशी फक्त ३०२. त्या एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत याचा नकाशा १९८६ सालीच छापून झाला. तरी तो जंत पुढच्या क्षणी काय करील हे आजही खात्रीने सांगता येत नाही. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा आला, सुमारे १ लाख ४० हजार पेशींचा. माणसाच्या मेंदूत त्या ८,६०० कोटींच्या घरात आहेत. तेव्हा पूर्ण उलगडा उद्या होणार नाही, कदाचित आपल्या नातवंडांच्या हयातीतही नाही. पण एवढ्यावर निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. बुद्धीबद्दल माणसाला चिमूटभर कळले की तो मूठभर वापरू लागतो, हे गेल्या शंभर वर्षांत पुनःपुन्हा दिसले आहे आणि त्याचे काही धागे थेट आमच्या तालुक्यापर्यंत येतात.

आधी शाळेतले सांगतो, कारण ते रोजचे आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न आणि १०० गुण असतात. अंकमालिका पूर्ण करा, गटात न बसणारे पद ओळखा, सांकेतिक भाषा, आकृतीचे आरशातले आणि पाण्यातले प्रतिबिंब, घड्याळ, दिनदर्शिका, दिशा. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत असेच मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न, आणि आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेत तर त्यासाठी अख्खा स्वतंत्र पेपर. हे सगळे आम्ही शिकवतो. जादा तास घेतो, सराव प्रश्नसंच सोडवून घेतो, आणि मुलांचे गुण वाढतात. जी गोष्ट जून ते जानेवारी घोटून घेतल्याने इतकी वाढते, ती मुलाची जन्मजात बुद्धी असूच शकत नाही. ती बरीचशी संधी असते. पण निकालाच्या दिवशी गाव तिला बुद्धीच म्हणते, आणि मूलही मनाशी तेच धरून बसते.

शिवाय ही परीक्षा होते साधारण फेब्रुवारीत. कर्जत, जामखेड, पाथर्डी, आष्टीकडची ऊसतोड कुटुंबे तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर असतात. दिवाळी आटोपली की मुकादमाची उचल घेतलेले जोडपे कोयता घेऊन गाडीत बसते आणि सांभाळायला घरी कुणी नसेल तर लेकरूही बरोबर जाते. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले मागे राहतात, सगळी नाही. त्या मुलांच्या बुद्धीबद्दल आपल्या राज्याकडे काहीही माहिती नाही, कारण ती मोजायच्या दिवशी ती मुले उसाच्या पाल्यात मोळ्या बांधत होती.

बुद्धी मोजण्याची सुरुवात मात्र वेगळ्या हेतूने झाली होती. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली चाचणी बनवली ती कोणत्या मुलाला शिकताना जास्तीची मदत लागेल हे ओळखण्यासाठी. एका आकड्यावरून मुलाची बुद्धी कायमची ठरवून टाकणाऱ्यांवर बिने यांनी स्वतःच टीका केली होती. ती चाचणी अमेरिकेत गेली आणि तिथून आपल्याकडे आली. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडच्या मराठी आणि कानडी मुलांना तपासून ती आपल्या भाषांत बसवली. १९३४ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला आणि १९४० मध्ये पुस्तक. बिने-कामत चाचणी आजही रुग्णालयांत वापरतात. बौद्धिक अपंगत्वाचा दाखला मिळतो तो बहुधा तिच्यावरून, नाहीतर नागपूरला ए. जे. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी तयार केलेल्या चाचणीवरून. त्या दाखल्यामुळे मुलाला सवलत मिळते, आधार मिळतो. हा बिने यांचा मूळ रस्ता आहे आणि तो चांगला आहे. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी काढली ती हुशार मुले निवडून त्यांना समाजासाठी घडवायला. निवडण्यावर माझे आक्षेप आहेत, पण तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या गिल्फर्ड यांचा आराखडा धरून बुद्धी म्हणजे एक आकडा नसून अनेक क्षमतांचा समूह आहे, हा विचार मराठीत रुजवला. त्याचे ऋण मानले पाहिजे.

दुसरा रस्ताही होता आणि त्यावर आमच्याच कर्जतचे नाव आहे. ना. सी. फडके यांचा जन्म १८९४ चा, कर्जतचा. कादंबरीकार म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहेत. १९२७ साली त्यांनी 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' हे इंग्रजी पुस्तक लिहिले. प्रस्तावना होती संततिनियमनाच्या अमेरिकी कार्यकर्त्या मार्गारेट सँगर यांची. संततिनियमनाचा त्यांनी उघड पुरस्कार केला, हे त्या काळात धाडसाचेच होते. पण पुस्तकाचा दुसरा आग्रह होता भारतात सुप्रजननाची चळवळ उभी करण्याचा, म्हणजे कुणी मुले जन्माला घालावीत आणि कुणी घालू नयेत, हे शास्त्राच्या नावाने ठरवण्याचा. तेव्हा जगभरचे भले भले लोक याच मताचे होते, फडके एकटे नव्हते.

त्याच १९२७ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक नावाच्या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला मान्यता दिली. ती, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी, तिघी मंदबुद्धी आहेत असे कागदावर ठरले होते. त्या देशात साठ हजारांहून अधिक माणसांच्या अशा नसबंद्या झाल्या. कॅरीची ती मुलगी पुढे शाळेत गेली आणि हुशार मुलांच्या यादीत तिचे नाव लागले. आठ वर्षांची असताना ती आजारपणात वारली.

आपल्याकडे त्याच सुमारास जातिव्यवस्था हीच सुप्रजननाची प्राचीन व्यवस्था आहे असे सांगणारी विद्वान मंडळी होती. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलना'त या युक्तिवादाची चिरफाड केली: हजारो वर्षे अशी निवड चालली असेल तर तिच्यातून निपजलेली माणसे इतकी खुजी आणि दुबळी कशी? आणि कर्जत, श्रीगोंदा, जामखेडच्या पारधी वस्त्यांना शास्त्र लागलेच नाही. जन्मतःच गुन्हेगार हा शिक्का १८७१ पासून आलेल्या कायद्यांनी मारला आणि तो पुसायला १९५२ साल यावे लागले. विधिमंडळातल्या आपणा सर्वांना हे सांगताना मनात एकच आहे, की शिक्का मारतो तोही कायदा असतो आणि पुसतो तोही.

आता इरावती कर्व्यांविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून त्या घरोघरी माहीत आहेत, पण बर्लिनमध्ये त्यांनी काय केले हे शाळेच्या एकाही पाठात मला सापडलेले नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. संस्था होती कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूट, मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन हे तिचे विषय. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. त्यांचे म्हणणे असे की गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी नसते, कारण त्यांच्या मेंदूचा एक भाग अधिक वाढलेला असतो, आणि तेच त्यांच्या वरचढ बुद्धीचे लक्षण आहे. पुण्याच्या या तरुण मुलीने १४९ कवट्या मोजल्या. कवटीची असमानता आणि वंश यांचा काही संबंध नाही, असे मोजमापातून निघाले आणि तसेच त्यांनी प्रबंधात लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्यांच्या हाती पदवी आहे त्या गुरूच्या सिद्धांताविरुद्ध. पुढे काही वर्षांतच जर्मनीत १९३३ चा नसबंदी कायदा आला आणि सुमारे चार लाख माणसे त्याखाली भरडली गेली. फिशर त्या राजवटीबरोबर गेले. इरावतीबाई मायदेशी परतल्या आणि पुढे डेक्कन कॉलेजात माणसांचा अभ्यास करत राहिल्या.

कर्व्यांची ही गोष्ट मी वर्गात सांगतो आणि मुले एकाग्र होऊन ऐकतात. पण अलीकडे ती सांगताना मला एक गोष्ट बोचते, आणि या पत्राचे खरे कारण तीच आहे.

कवट्यांचे शास्त्र खोटे होते. म्हणून कुणीतरी नीट मोजले आणि ते पाडता आले. कॅरी बकचा कागद खोटा होता आणि तिच्याच मुलीच्या प्रगतिपुस्तकाने तो खोटा ठरला. जन्मतः गुन्हेगार ही कल्पनाही खोटीच. आजवर बुद्धीच्या नावाने जे अन्याय झाले, त्यांविरुद्ध सत्य आपल्या बाजूने होते. सोनोग्राफीचे तसे नव्हते. ते यंत्र खरे बोलत होते. पडद्यावर मुलगी दिसली तर पोटात मुलगीच होती. तिथे इरावतीबाई कितीही बारकाईने मोजत्या तरी त्यांना काही खोडून काढता आले नसते. त्या खऱ्या माहितीनेच बीड आणि नगरमधल्या मुली नाहीशा केल्या.

बुद्धीचा उलगडा पुरा झाला, तर तो कवट्यांच्या जातीचा नसेल, सोनोग्राफीच्या जातीचा असेल. त्या दिवशी 'हे शास्त्र चुकीचे आहे' असे म्हणण्याची सोय आपल्याला उरणार नाही. हा पेच एकदा ध्यानात आला की शास्त्रज्ञांवर भरवसा ठेवून स्वस्थ बसवत नाही.

याचा आरंभ झालेला आहे. माणूस किती वर्षे शिकेल याचा जनुकांशी किती संबंध आहे, हे पाहण्यासाठी २०२२ मध्ये तीस लाख माणसांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. त्यावरून काढलेला गुणांक माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण १२ ते १६ टक्केच भाग सांगू शकतो. ती माणसेही मुख्यतः युरोपीय वंशाची, त्यामुळे आपल्याला तो आणखी कमी लागू पडतो. आणि शिक्षणाची वर्षे म्हणजे बुद्धी नव्हे, हे ऊसतोडीच्या मुलांचा मास्तर असल्याने मी कुणाहीपेक्षा जास्त जाणतो. तरीही अमेरिकेत काही कंपन्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या गर्भांना असे गुण देऊन त्यांतला 'हुशार' गर्भ निवडायची सेवा विकू लागल्या आहेत.

आपल्याकडे २०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा आहे. गर्भाची जनुकीय तपासणी ठरावीक आनुवंशिक आजारांसाठीच करता येईल असे त्यात लिहिलेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण लिहिलेले १९८८ मध्येही होते. मुंबईतल्या कार्यकर्त्या-कार्यकर्त्यांनी त्यासाठी आधी दोन वर्षे रान उठवले होते. केंद्राचा कायदा लागू होऊनही अंमल होईना, तेव्हा पुण्याची 'मासूम' आणि मुंबईची 'सेहत' या संस्थांना कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांच्याबरोबर २००० साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. कायदा कागदावर आला आणि तो अंमलात आला, या दोहोंमधल्या काळात यंत्र गाडीत बसून तालुक्याला पोचले आणि किती मुली गेल्या याची मोजदाद कधीच होणार नाही. तेवढा काळ पुन्हा वाया घालवायला नको, एवढीच माझी विनवणी आहे.

उद्याचे चित्र रंगवायला फार कल्पना लागत नाही. आमच्याकडे लग्न जुळवताना बायोडाटात शिक्षण, नोकरी, पॅकेज, बागायत किती आणि जिरायत किती, हे सगळे येते. त्यात बुद्धीच्या गुणांची एक ओळ यायला कितीसा वेळ लागेल? पत्रिका जुळत नाही म्हणून स्थळ परत जाते, तसे गुण जुळत नाहीत म्हणून जाईल. आणि पत्रिकेवर विश्वास नाही असे ठणकावणारा सुशिक्षित माणूस हा कागद मात्र निमूट मान्य करील, कारण त्यावर प्रयोगशाळेचा शिक्का असेल. इंग्रजी शाळा प्रवेशाला तो मागतील, शैक्षणिक कर्ज देणारी बँक मागेल, विमा कंपनी मागेल. ज्या बाईला दोन मुलीच आहेत म्हणून सासरी बोल बसत होता, तिला 'कमी गुणांचे' मूल झाले म्हणूनही बसेल. आईच्या पोटाकडे बोट दाखवायची आपल्या समाजाची सवय अजून गेलेली नाही.

मग हे ज्ञान नकोच, असे मी म्हणत नाही. उलट, मला ते हवे आहे. वर्गात एखादा मुलगा बोलण्यात तरबेज असतो, बाजारात शेंगदाण्याचा हिशोब तोंडी करतो आणि कागदावरचे अक्षर दिसले की गोठतो. त्याच्या मेंदूत त्या क्षणी नेमके काय घडते हे कळले, तर त्याची शाळा सुटणार नाही. एवढ्या एका मुलासाठीही हा शोध पुरा व्हावा असे मला वाटते.

अर्धवट ज्ञानानेही किती भले होते ते आपण पाहिलेच आहे. आयोडीन कमी पडले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते हे कळले, आणि २००६ पासून देशभर खाण्यासाठी बिगर-आयोडीन मिठाची विक्री बंद झाली. शिशाने मुलांची बुद्धी मंदावते हे कळले, आणि २००० साली शिसेयुक्त पेट्रोल गेले. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले की विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्धिमापनाचे गुण दर दहा वर्षांत सुमारे तीनने वाढत गेले. दहा वर्षांत रक्त बदलत नाही. बदलली ती शाळा, आहार, घरातली माणसे, डोक्याला मिळणारे काम. ग्वाटेमालाच्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन गावांतल्या मुलांना प्रथिनयुक्त पेज दिली, दोन गावांतल्या मुलांना प्रथिने नसलेले गोड पेय. लहानपणी पेज प्यालेली मुले मोठेपणी वाचनात सरस निघाली आणि त्यांतल्या पुरुषांची कमाईही जास्त होती. हे वाचले तेव्हा मला १९७२ च्या दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ, आठवली. नगर जिल्ह्यातली एक अख्खी पिढी खडी फोडणाऱ्या आयांच्या पदराशी बसून ती खात होती. त्या सुकडीने पोटापलीकडे काय वाचवले असेल, याचा विचार आपण कधी केला नाही.

आणि इथून तासाभराच्या अंतरावर जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचे काम शिकवले. त्यांतल्या बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या, काही टाकलेल्या. त्या बाळंतपणे करू लागल्या, मुलांची वजने टिपून कुपोषण ओळखू लागल्या, कुष्ठरोग, न्यूमोनिया, जुलाब यांवर गावातच इलाज करू लागल्या. त्या भागातले अर्भकांचे मृत्यू झपाट्याने घटले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला आले, या बायकांकडून. यांतल्या बहुतेकींना आमच्या बुद्धिमत्तेच्या पेपरात पास होता आले नसते, त्यांना पेपरावर नावसुद्धा लिहिता येत नव्हते. बुद्धीची पूर्ण समज म्हणजे काय, याचा माझ्यापुरता निकष हाच आहे: जे शास्त्र जामखेडच्या त्या बाईची बुद्धी ओळखू शकत नाही, त्याला मी पूर्ण म्हणणार नाही.

पूर्ण समजेचा आणखी एक परिणाम होईल आणि तो आपल्याला, म्हणजे शिकलेल्या, पदावर बसलेल्या सगळ्यांनाच, झोंबेल. आपण गुणवत्तेचा मोठा अभिमान बाळगतो. माझे डोके, माझे कष्ट, म्हणून माझी जागा. पण डोके कसे घडले याचा हिशोब पैन् पै लागला, तर त्यात आईने खाल्लेली भाकरी निघेल, मिठातले आयोडीन निघेल, घरात पुस्तक होते की नव्हते ते निघेल, आईबापांकडून आलेली जनुके निघतील आणि भेटलेला एखादा शिक्षक निघेल. चिकाटीसुद्धा अशीच कशाकशातून आलेली दिसेल. मग पहिल्या आलेल्याचा ताठा आणि नापास झालेल्याची शरम, दोन्हींना आधार उरणार नाही. जोतीराव फुल्यांनी अनर्थाची साखळी अविद्येपासून सुरू केली होती आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मागितले होते. त्यांनी मांडलेला तो कार्यकारणभाव मेंदूच्या पेशीपर्यंत सिद्ध होईल. सत्ता, पगार, मानसन्मान वाटायची आजची रीत त्यानंतरही तशीच ठेवायची का, हा प्रश्न आपल्या सभागृहात यायला हवा. तो आपणच सोडवायचा आहे.

बुद्धिमान यंत्रांविषयी थोडेच लिहितो, कारण त्यावर रोज लिहिले जाते. बुद्धी पुरती कळली तर ती बनवताही येईल, आणि बनवता आलेली वस्तू कुणाच्या तरी मालकीची असते. आमच्या गावच्या पोरांना तिचे ग्राहक व्हायला फार वेळ लागणार नाही. धनी व्हायला मिळेल का, ते मला माहीत नाही. पण माणसाच्या बुद्धीची माहिती मुळात माणसांच्या मेंदूंतून आणि रक्तातून गोळा होते, तेव्हा तिच्यावर सर्वांचा हक्क आहे एवढे तरी कायद्यात लिहून ठेवता येते.

माझे मागणे आता स्पष्ट सांगतो. महाराष्ट्राने पुन्हा एकदा सर्वांत आधी कायदा करावा. कोणत्याही माणसाचे, विशेषतः मुलाचे, जनुकांवरून किंवा मेंदूच्या तपासणीवरून काढलेले बुद्धीचे गुण शाळा-प्रवेश, नोकरी, कर्ज, विमा आणि विवाह जुळवणाऱ्या संस्था यांना मागता येणार नाहीत, साठवता येणार नाहीत, विकता येणार नाहीत. मदतीसाठी तपासणी करायची असेल तर जरूर करावी, पण तिचा कागद मुलाचा राहावा आणि मूल सज्ञान झाल्यावर तो ठेवायचा की फाडायचा हे त्यानेच ठरवावे. 'हुशार बाळ' देण्याची जाहिरात, मग ती परदेशी कंपनीची मोबाइलवर आलेली का असेना, गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातीइतकाच गुन्हा ठरावी. अंमलबजावणीची यंत्रणा कायद्याबरोबरच उभी करावी, ती उभारायला कुणाला न्यायालयाच्या पायऱ्या चढायला लावू नये.

आणि जे आजच ठाऊक आहे, त्याला भविष्यातल्या शोधाची वाट पाहायला लावू नये. गरोदर बाई आणि तिचे बाळ यांच्या पहिल्या हजार दिवसांच्या आहारावर खर्च वाढवावा, त्यात रक्तक्षयाची तपासणी फडावरच्या बाईपर्यंत पोचावी. शिष्यवृत्तीच्या त्या पेपराचे नाव बुद्धिमत्ता चाचणी न ठेवता तो ज्याची चाचणी घेतो ते ठेवावे, म्हणजे सराव आणि तर्क. जी मुले त्यात मागे पडतील त्यांची यादी काढून त्यांच्यासाठी जादा शिक्षक द्यावा, बिने यांनी सांगितले होते तसे. यासाठी कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो.

शेवटची मागणी सर्वांत लहान आहे. पुढच्या फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा होईल तेव्हा साखर कारखान्यांच्या गावी, ऊसतोड टोळ्या उतरतात तिथेच, केंद्रे द्यावीत आणि मूळ शाळेत नाव असलेल्या मुलाला तिथे बसू द्यावे. आमच्या भागातली कोणती कुटुंबे कोणत्या कारखान्याला जातात याच्या याद्या शाळांमध्ये तयार असतात. त्या आम्ही ऑक्टोबरातच पाठवू.

आपला नम्र,
एक प्राथमिक शिक्षक
मिरजगाव, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर